टिकाव मारण्याआधी भांडं घासावं

निवृत्त व्हायला सात-आठ महिने राहिले असताना आमच्या कचेरीत वरून एक पत्र आलं. अवैध दारूच्या कायद्यात सुधारणा करायच्या आहेत, विशेषतः जप्तीच्या आणि माल सरकारजमा करण्याच्या कलमांत, तरी प्रत्यक्ष काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी आपापल्या सूचना लेखी कळवाव्यात, असं त्यात होतं. सगळ्या नोकरीत मला कुणी काही विचारल्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे मी पत्र दोनदा वाचलं.

बाकीच्यांनी तीन-तीन, चार-चार पानं लिहिली. दंड वाढवा, शिक्षा वाढवा, गाडी पकडली की परत देऊच नका, जमेल तर जमीनही घ्या. मी एकच ओळ लिहिली : 'टिकाव मारण्याआधी भांडं घासून घ्यावं.' खाली सही, बबन शिवराम धुमाळ, जवान.

कारकुनानं कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, "धुमाळ, ही सूचना कायद्यात बसत नाही, मोरीत बसते."

मी म्हटलं, "तुम्ही पाठवा तर खरं."

त्यानं पाठवली. तिचं पुढं काय झालं मला माहीत नाही. पण त्या ओळीसाठी मी जेवढी किंमत मोजली तेवढी त्या चार पानंवाल्यांनी मोजली नसेल, आणि तेवढा आनंदही त्यांना मिळाला नसेल. तेच सांगायला बसलोय.

दारूबंदी खात्यातला जवान म्हणजे काय, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. पोलिसासारखा खाकी कपडा असतो, पण पोलिसाएवढा दरारा नसतो. हातभट्टी हुडकायची, तिथं पोचायचं, पंच उभे करायचे, रसायनाचा, म्हणजे आंबवलेल्या गुळपाण्याचा, नमुना बाटलीत भरून बाटलीला लाख लावायची, बाकीचं जमिनीवर ओतून द्यायचं आणि भांडी निकामी करायची. हे शेवटचं काम माझं. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरात मी वर्षानुवर्षं टिकाव खांद्यावर टाकून हिंडलो आणि पत्र्याचे डबे, ॲल्युमिनियमची पातेली, लोखंडी पिंपं, जे दिसेल त्याला भोक पाडत गेलो. आमची मालन, म्हणजे आमचं कुटुंब, लोकांना सांगायची, "दुसऱ्यांचे नवरे घरी भांडी आणतात, आमचे जिथं जातील तिथली फोडून येतात." स्वयंपाकघरातल्या मांडणीकडं ती मला फिरकू देत नसे.

भोक का पाडायचं, यालाही इतिहास आहे. मी भरती झालो तेव्हा भांडी फोडत नसत. ती सरकारजमा व्हायची आणि सावकाश लिलावात निघायची. लिलावाला गिऱ्हाईक कोण? ज्याची भट्टी पकडली तोच. त्याच्याशिवाय ती काळी ठिक्कर पिंपं घेणार कोण? बिचारा लिलावात आपलंच पिंप स्वस्तात सोडवायचा आणि "साहेब, येतो" म्हणून जायचा. एकजण तर मला म्हणाला होता, "भाऊसाहेब, तुमच्याकडं ठेवलं की गंजत न्हाई. पावसाळाभर तुमीच ठिवत जा." मग वरच्यांना शहाणपण सुचलं आणि जागेवरच भोक पाडायचं ठरलं. तसं ते सोयीचंही होतं, कारण डोंगरातून पिंप खाली आणायचं म्हणजे चार माणसांचा दम निघायचा. आम्ही पत्रा फोडायला लागलो तसे भट्टीवाले प्लास्टिकवर गेले. आम्ही गाड्या धरायला लागलो तसे ते मेव्हण्याच्या गाडीवरून माल न्यायला लागले. गाडी सरकारजमा व्हायची ती मेव्हण्याची, आणि मग घरात जी भांडणं लागायची ती आमच्या खटल्यापेक्षा लांबायची.

गाडीवरून आठवलं. कापूरहोळला आमचा नाका होता. नुकताच प्रशिक्षण संपवून आलेला एक कोवळा साहेब होता, कायदा मुखपाठ. एसटीत वांग्याच्या पाटीखाली रबरी ट्यूब सापडली, ट्यूबमध्ये माल. पाटीचा धनी कधीच पसार झालेला. साहेब म्हणाला, "ज्या वाहनातून माल नेला ते वाहन जप्त." आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. एसटी गच्च भरलेली होती.

कंडक्टर खाली उतरला. शांतपणे म्हणाला, "घ्या की साहेब. फक्त मोजून घ्या आणि पोच द्या. पंचावन्न माणसं, दोन बकरी, एक कोंबडी."

मागच्या खिडकीतून एका म्हाताऱ्यानं डोकं बाहेर काढलं. "सरकारची गाडी सरकारनंच धरली व्हय? मंग सरकारजमा कुणाकडं करनार?"

साहेब लाल झाला. पाच मिनिटं त्यानं पुस्तक चाळलं आणि नुसती वांग्याची पाटी जप्त केली. पुढं तो फार चांगला अधिकारी झाला. त्या म्हाताऱ्याचा प्रश्न मात्र मी विसरलो नाही. कायद्यानं वस्तू धरली की तिचा धनी कोण हे विचारायचं असतं, हे आम्हाला खिडकीतून कुणीतरी ओरडल्यावरच आठवतं.

आणि तरीही ऐन वेळी मीच तो विसरलो. त्याचीच ही हकीकत.

वेल्ह्याच्या खोऱ्यात एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या बायका वाचतील आणि फोन करतील. त्या गावात दारू नव्हती. आमच्यामुळे नव्हे, बायकांमुळे. त्यांनी सगळ्या भट्ट्या स्वतःच उलथवल्या होत्या आणि पुन्हा कुणाची टाप नव्हती. तिथला नामदेव, म्हणजे नाम्या, हा हाडाचा भट्टीवाला. गावात जमेना म्हणून पलीकडच्या ओहोळात धंदा करायचा. फाल्गुनात मी त्याच्या ॲल्युमिनियमच्या दोन्ही पातेल्यांना भोकं पाडून आलो होतो. आता नव्या भांड्याला भांडवल लागतं, तेव्हा वर्षभर तरी हा गप्प बसेल, असा माझा हिशोब.

दीड महिना झाला नसेल तोच बातमी आली की ओहोळातून पुन्हा धूर निघतोय.

आमच्या निरीक्षक तेव्हा एक मॅडम होत्या, वयानं माझ्या थोरल्या मुलीएवढ्या. मला धुमाळमामा म्हणायच्या आणि डोंगर माझ्याआधी चढायच्या. सकाळी दहाच्या सुमारास आम्ही ओहोळात उतरलो. नाम्याला सुगावा लागलेला, तो गायब. भट्टी मात्र धडधडत होती, आणि भट्टीवर एक हंडा. तांब्याचा. माझ्या कमरेपर्यंत येईल एवढा. वाफ जाऊ नये म्हणून त्याच्या गळ्याभोवती चिखलाचं जाड लिंपण लावलेलं आणि खाली सगळा काजळीनं काळा झालेला.

मी मनात म्हटलं, नाम्यानं यंदा चैन केली. पंचनामा झाला, नमुना घेतला, जाळ विझवून रसायन ओतून दिलं. मॅडम पंचांच्या सह्या घेत होत्या. मी हंडा आडवा केला, टिकाव उचलला, आणि त्याच क्षणी वरच्या करवंदीच्या जाळीतून कुणीतरी बोंब ठोकली :

"अवो भाऊसाहेब! मारू नगा! त्यो गावाचा हाय!"

टिकाव वर होता तोवर ऐकू आलं, पण उचललेला टिकाव काही ऐकत नाही. ठण्ण असा आवाज झाला. पत्र्याचा आवाज मला पाठ होता, हा तसला नव्हता. देवळातल्या घंटेसारखा तो ओहोळभर घुमला. हंड्याच्या कुशीला भोक पडलं आणि दणक्यानं गळ्याभोवतीचं थोडं लिंपण खळ्ळकन गळून पडलं.

लिंपणाखाली अक्षरं होती. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली, जशी आपण लग्नातल्या भांड्यांवर घालतो तशी. 'श्री भैरवनाथ प्रसन्न' आणि पुढं गळ्याला फेरा घालून नावं. दिसत होती ती बायकांची.

जाळीतून नाम्या ओरखडे काढून घेत खाली आला. पळून जायला त्याला सगळा डोंगर मोकळा होता, आणि हा आमच्यापुढं येऊन बसला. भोकात दोन बोटं घालून बघितली आणि कपाळावर हात मारला. "साहेब, मला न्या. जेलात टाका. पर घरी पाठवू नगा. काकी मला जित्ता ठेवायची न्हाई."

माझ्या नोकरीत एवढ्या राजीखुशीनं कुणी अटक करून घेतली नव्हती.

त्याच्याकडून कळलं ते असं. गावातल्या सतरा बायकांनी मिळून एका वर्षी हा हंडा भैरोबाला दिला होता. भातलावणीची आपापली मजुरी बाजूला काढून. त्यात पाटलाच्या सुनेपासून बौद्धवाडीतल्या दोघींपर्यंत सगळ्या होत्या. हंडा नाम्याच्या काकीकडं असायचा, ठकूबाईकडं. लग्नाकार्याला ज्याला लागेल त्यानं न्यायचा, चिंचेनं लख्ख घासून परत आणायचा. मी पातेली फोडल्यावर नाम्याकडं भांडं उरलं नाही. तो काकीकडं गेला आणि बहिणीच्या लेकराचं बारसं आहे म्हणून हंडा घेऊन आला. म्हणजे एका परीनं हंडा भट्टीवर चढवला तो मीच.

मॅडम हंड्याभोवती एक फेरी मारून दिसतील तेवढी नावं वाचत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "मामा, टिकाव खाली ठेवा." मी तो अजून हातातच धरून उभा होतो.

तिसऱ्या दिवशी भोरच्या आमच्या कचेरीसमोर टेम्पो थांबला. त्यातून बायका उतरल्या, उतरतच राहिल्या. पुढं ठकूबाई. पंचाहत्तरीच्या आतबाहेर, काटकुळी, कपाळावर गोंदण. तिच्या शेजारी सुमनताई, बौद्धवाडीतल्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. कागदपत्राचं सगळं त्याच बघायच्या.

ठकूबाईनं एकच विचारलं, "टिकाव कुणी मारला?"

कचेरीतल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. खात्यात एकी असते म्हणतात, ती अशा वेळी दिसत नाही.

मी पुढं झालो. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. पण तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "तुजं न्हाई रं लेकरा. म्याच दिला. माज्या हातानं दिला. आता सोळाजणींला काय तोंड दावू? त्यातल्या अकरा तर देवाघरी गेल्या. त्यांला कुठं जाऊन सांगू?"

शिव्या परवडल्या असत्या, असं मला झालं.

सुमनताईंनी समजावून सांगितलं. जत्रा नऊ दिवसांवर होती. जत्रेच्या दिवशी हंडा चुलीवर चढवण्याआधी गळ्यावरची नावं मोठ्यानं वाचतात. जिचं नाव येईल तिनं पुढं यायचं आणि हंड्यात मूठभर तांदूळ टाकायचे. जी हयात नाही तिच्या सुनेनं किंवा लेकीनं टाकायचे. मग त्यात गावाचा पहिला भात. "भाड्यानं भांडी कितीबी मिळतील, मॅडम," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्यावर मंडपवाल्याचं नाव असतं. आम्ही वाचायचं काय?"

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण लोकांना वाटतं जप्त केलं म्हणजे गेलं. ज्या वस्तूनं गुन्हा झाला ती सरकारजमा होऊ शकते, मग ती गाडी असो, बैल असो की हंडा. पण तिचा धनी वेगळा असेल, त्याला गुन्ह्याची खबर नसेल आणि त्यानं योग्य ती खबरदारी घेतली होती असं त्यानं दाखवलं, तर कोर्ट वस्तू परत देऊ शकतं. हे कलम चांगलं आहे. फक्त ते वापरायला वस्तू शाबूत राहायला हवी, आणि तिथं माझा टिकाव आडवा आला होता. खात्याच्या वतीनं जेवढी शरम वाटायची तेवढी मला एकट्यालाच वाटून झाली.

मॅडमनी बायकांना हंडा परत मिळण्यासाठी अर्ज लिहायला बसवलं. पहिलाच प्रश्न, धनी कोण? ग्रामपंचायतीच्या नोंदीत हंडा नाही. देवस्थानची रीतसर नोंदणीच नाही. दुकानाची पावती तर कुणी ठेवलीच नव्हती.

"मग तुमचा म्हणायचा कशावरून?" कारकुनानं विचारलं.

ठकूबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो फाईल बघायला लागला. "नाव घातलंय की त्याच्यावर. तुज्या घराच्या उताऱ्यावर नाव हाय ना? तसंच."

कोर्टात तारीख लवकर मिळाली. सरकारी वकिलांनी हरकत घेतली की अर्जदारांचा मालकीहक्क शाबीत नाही. त्यांचं कामच ते. न्यायाधीश साहेब म्हणाले, "वस्तू हजर करा."

मी आणि आणखी एकानं हंडा उचलून आणला. दोन नावं स्वच्छ वाचता येत होती, बाकी सगळीकडं काजळी आणि वाळलेला चिखल. साहेबांनी चष्मा लावला, काढला. म्हणाले, "यात वाचायचं काय? साफ करून आणा. दुपारनंतर बघू."

कोर्टाच्या आवारात नळ होता. एक बाई टेम्पोकडं धावली आणि चिंच घेऊन आली. मला अजून कळलेलं नाही की या बायका कोर्टात येताना चिंच घेऊन का आल्या होत्या. ठकूबाई नळाशी बसायला निघाली तसा मी म्हटलं, "आजी, तुम्ही नाही. हा मुद्देमाल आहे. माझ्या ताब्यात आहे. मीच घासणार."

"येतंय का?"

"येईल."

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बसलो. खाकी कपड्यातला जवान कोर्टाच्या आवारात चिंच, मीठ आणि राख घेऊन हंडा घासतोय, हे बघायला सगळे पक्षकार गोळा झाले. दोन कट्टर भाऊबंद, जमिनीच्या दाव्यात एकमेकांचं तोंड न बघणारे, शेजारी-शेजारी उभे राहून हसायला लागले. बायकांनी माझ्याभोवती कडं केलं आणि हुकूम सोडायला सुरुवात केली.

"गोल हात फिरव, गोल."

"आरं गळा न्हाई निघाला अजून!"

"बायकूला कदी हात लावू लागला न्हाईस वाटतं भांड्याला?"

मी खरं तेच सांगितलं. "आमच्या घरी मला मांडणीजवळ जायची बंदी आहे."

असा हशा पिकला की कोर्टाचा शिपाई बाहेर येऊन दटावून गेला, आणि दटावता दटावता तोही हसला.

तासाभरानं काजळीखालचं तांबं उजेडात आलं. एकेक नाव निघत होतं तसं सुमनताई ते वाचत होत्या आणि बायका "हाय, हाय" म्हणत होत्या, जणू माणूसच आत बसलं होतं आणि आता बाहेर येत होतं. एका जागी मी घासत होतो तिथं 'ठकूबाई' निघालं. ती खाली वाकली, बोट फिरवलं, आणि म्हणाली, "माजं नाव लिवलेलं म्या पयल्यांदा हितंच बघितलं व्हतं. वाचता येत न्हाई, पर वळखू येतं." मी मान खाली घालून घासत राहिलो. घाम आहे की काय आहे ते कुणाला कळलं नसेल अशी आशा आहे.

दुपारी साहेबांनी सगळी सतरा नावं स्वतः फेरी मारून वाचली. मग ठकूबाईला विचारलं, "आजी, हंडा देताना तुम्ही काय खबरदारी घेतली?"

"इचारलं की त्याला, कशाला पायजे. बारशाला म्हनाला."

"आणि?"

"आनि म्हनलं, घासून आन. सायेब, आमच्यातला हंडा कुणी न घासता आनला तर त्याला पुन्हा देत न्हाई. मंग ती आमदाराची बहीण असंना का." मग तिनंच पुढं जोडलं, "पर पुतण्याचं तोंड वळखाया पायजे व्हतं. ती चूक माजी. ती लिवून घ्या."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. त्यांनी निकाल सांगितला, हंडा अर्जदारांच्या ताब्यात द्यावा, सुपूर्तनाम्यावर. म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायचा आणि बोलावलं की हजर करायचा. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, मुद्देमालाचं स्वरूप बदलता येणार नाही, अशी अट घालावी. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. पण त्याचा अर्थ असा की भोकही बुजवता येणार नाही. भोक असलेला हंडा जत्रेत नेऊन करायचं काय?

सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. मॅडमनी हात वर केला. म्हणाल्या, "साहेब, या भोकाचा गुन्ह्याशी संबंध नाही. गुन्हा आधी झाला, भोक नंतर, आमच्या खात्याकडून. फोटो काढून घेऊ आणि बुजवायची परवानगी मिळावी."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. माझे हात कोपरापर्यंत तांबडे-काळे झाले होते. "परवानगी आहे," ते म्हणाले.

भोरच्या बाजारात एक म्हातारा तांबट आहे. डोळ्यांनी अधू, पण हातोडी पडते ती नेमकी. मी हंडा त्याच्याकडं घेऊन गेलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं भोकाभोवती बोट फिरवलं आणि म्हणाला, "कुणी येड्यानं मारलं हे?"

म्हटलं, "सरकारनं."

"सरकार असं तिरकं मारतं व्हय?" म्हणून तो कामाला लागला. तळहाताएवढं तांब्याचं ठिगळ बसवलं, आतून कल्हई केली. पाणी भरून रात्रभर ठेवलं, थेंब गळला नाही. सकाळी सुमनताई आणि एकदोघी टेम्पो घेऊन आल्या, त्यांच्या स्वाधीन हंडा केला. त्या तांबटाशी बाजूला काहीतरी कुजबुजल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही निघा आता. आमचं जरा काम आहे."

जत्रेचं आवतण आलं ते दोघांना. मालनला मी पहिल्यांदाच माझ्या कामाच्या मुलखात घेऊन गेलो. वेल्ह्याच्या रस्त्याला लागल्यावर ती मला विचारत होती, "हितं कुठं कुठं फोडलीत?" आणि मी बोट करून ओहोळ दाखवत होतो, ती बाहेर बघून मान हलवत होती.

देवळापुढं चूल पेटायची होती. हंडा ठेवला होता, उन्हात असा लकाकत होता की डोळे दिपावेत. आणि त्याच्या बाजूला बसून परातीएवढी दुसरी भांडी कोण घासत होतं? नाम्या. कोर्टातून जामिनावर सुटला होता. कोर्ट शिक्षा देईल तेव्हा देईल, बायकांनी आपली आधीच दिली होती : पाच वर्षं जत्रेची सगळी भांडी एकट्यानं. मला बघून म्हणाला, "भाऊसाहेब, जेल परवडलं असतं." पण हसत होता. पुढं त्यानं धंदा सोडला. कापूरहोळला एका ढाब्यावर भाकरी-आमटी बघतो. पिठलं चांगलं करतो.

सुमनताईंनी नावं वाचायला सुरुवात केली. एकेक नाव घेतलं की एकेक बाई पुढं यायची, कपाळाला मूठ लावायची, तांदूळ सोडायची. हयात नसलेल्यांच्या सुना यायच्या. एका नावाला दहा-बारा वर्षांची नात आली आणि तिनं तांदळाबरोबर हातातली बांगडीही टाकली, ती काढताना धांदल उडाली. ठकूबाईचं नाव आलं. ती पुढं गेली, मूठ सोडली, आणि मागं वळून बाकीच्या बायकांकडं बघितलं. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "दावलंस की गं तोंड!" आणि तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती ते कळलं नाही, बहुतेक दोन्ही.

सतरा नावं संपली. मी मालनला म्हटलं, चल, आता पाया पडू.

तेवढ्यात सुमनताई हंड्याच्या कुशीशी वाकल्या आणि वाचायला लागल्या. ठिगळ होतं तिथं. ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं, नवीकोरी.

"भोक. जवान बबन शिवराम धुमाळ यांजकडून सप्रेम भेट."

अख्खं देऊळ हसलं. नाम्यानं हातातलं पातेलं वाजवलं. मालन हसता हसता खाली बसली. मला वाटतं आमच्या लग्नापासून ती एवढी हसली नव्हती. म्हणाली, "एवढी वर्षं नोकरी केलीत, आणि नाव लागलं ते भोकावर!"

मी मात्र ठिगळावरची अक्षरं पुन्हा एकदा वाचत होतो. बायका वाट बघत होत्या. नाव घेतलं होतं, आता मूठ टाकायची होती. मी पुढं झालो, शेजारच्या तांदळाच्या सुपातले चार दाणे चिमटीत घेतले आणि हंड्यात सोडले.

ठकूबाईनं माझं मनगट धरलं.

"एवढ्यानं न्हाई भागायचं, लेकरा," ती म्हणाली. "भोक केवढं पाडलं व्हतंस? वंजळ भरून टाक."

मी दोन्ही हात सुपात घातले.